मशीन तेच, मग आकडा वेगळा कसा?

आमच्या कुडाळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "ब्लड कॅन्सरची जनुकीय तपासणी मशीन करतं. लॅब कुठलीही असो, आकडा तोच यायला हवा. वेगळा आला तर लॅब लुबाडते, नाहीतर गोळी लागू पडत नाही."

माझ्या काकांना सीएमएल हा ब्लड कॅन्सर आहे, त्यावरची इमॅटिनिब ही गोळी चालू आहे. गेल्या खेपेला एका लॅबने बीसीआर-एबीएल, म्हणजे या कॅन्सरच्या खुणेचा जनुक, ०.०८ टक्के दिलं, दुसरीने ०.१४. त्यात हा मेसेज! काकीने रात्रभर डोळा लावला नाही.

मशीन सगळं करतं? मशीनची पाळी शेवटी येते. आधी रक्तातून आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, काढायचा, आणि तो भारी नाजूक. नळीचं झाकण जांभळं हवं. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपरिन पीसीआरच्या, म्हणजे मशीनवरच्या मोजणीच्या, आड येतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी कलेक्शन सेंटरवरचा पोरगा म्हणाला, "आजची गाडी गेली, आता सोमवारी पाठवतंय." रिपोर्टात ०.०० बघून आम्ही पेढे आणायला निघालो होतो. खाली बारीक अक्षरात होतं: कंट्रोल जीनच्या (तुलनेसाठी मोजतात त्या जनुकाच्या) प्रती अपुऱ्या. म्हणजे नमुनाच खराब, त्या शून्याला अर्थ नाही.

आकडा तोच यायला हवा? आजीच्या माहेरची पायली आमच्या पायलीपेक्षा मोठी होती. भात तेवढंच, माप वेगळं. लॅबांचंही तसंच, कोणी एक कंट्रोल जीन धरतं, कोणी दुसरा. म्हणून प्रत्येक लॅबने आपला आकडा गुणक लावून आंतरराष्ट्रीय स्केलवर (आयएस) आणायचा असतो. रिपोर्टवर 'आयएस' नसेल तर दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवूच नयेत. असलं, तरी दुपटीच्या आतला फरक निव्वळ मोजणीतला असू शकतो. गोळी नीट लागू पडतेय असं मानायची रेषा ०.१ टक्क्याची, काकांचे आकडे तिच्या अल्याड-पल्याड पडले, म्हणून घाबरगुंडी.

गोळीचं म्हणाल तर डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळ्या चुकल्या का? मग त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासायला सांगितलं. आकडा खरंच चढत राहिला तर म्युटेशनची, म्हणजे गोळीला दाद न देणाऱ्या जनुकातल्या बदलाची, तपासणी.

लुबाडणारे नसतात असं मी म्हणणार नाही. पण ते आकड्यांच्या फरकावरून ओळखता येत नाहीत. नळी नेमकी कुठल्या लॅबमध्ये लावतात ते विचारा, आणि तिच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या यादीत हीच तपासणी आहे का ते बघा. मान्यता सरसकट नसते, तपासणीनिहाय असते.

काका आता नमुना सोमवारीच देतात, तोही गाडीची वेळ फोनवर विचारून.