जीपला चिलखत

जुनी जीप घेताना माणूस रंग बघतो, टायर बघतो, बॉनेट उघडून जाणत्याचा चेहरा करून इंजिनाचा आवाज ऐकतो. पोटाखाली वाकून मात्र कुणी बघत नाही. ती पाहणी पुढे दगड करतात आणि अहवाल जागच्या जागी, आवाजात देतात.

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढे आमची थोडी काजूची बाग आहे. डांबर संपलं की तिथवर बैलगाडीची वाट. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो हे ज्याने कणकुंबीत एक जुलै काढलाय त्याला सांगायला नको, आणि इतरांना सांगून पटत नाही. दर पावसाळ्यात वाटेवरची माती वाहून जाते, दगड जागेवरच राहतात. म्हणजे आमच्याकडे दगड वाढतात. तेही साधे नव्हेत, जांभा. खाणीतून निघताना एवढा नरम की तासून चिरे पाडावेत, आणि उघड्यावर वारा-ऊन लागलं की असा कडक की पिढ्यान्‌पिढ्या घरं उभी राहतात. वाटेतला जांभा कुणी तासत नाही. अंगभर भोकं आणि प्रत्येक भोकाला धार.

या तालुक्यात पाणीसुद्धा सरळ जात नाही. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. म्हादई याच रानातून पश्चिमेला गोव्यात उतरते. त्या म्हादईच्या पाण्यावर २०१० साली लवाद नेमला, निकाल आला २०१८ मध्ये, आणि भांडण तरी मिटलं म्हणता? पाण्याने कुठल्या राज्यात जावं यावर जिथे एवढी वर्षं जातात, तिथे जीपचं चाक कुठल्या दगडावर घालावं यावर चार माणसांचं एकमत कुठून व्हावं!

खरं तर नियम साधा आहे. गाडीपुढे उभा राहून हात दाखवणारा माणूस एकच असावा आणि गाडी चालवणाऱ्याने फक्त त्याच्याकडे बघावं. आमच्याकडे पुढे भाचा असतो, आत आई असते, म्हशी घेऊन निघालेला एखादा गवळी मदतीला थांबतो आणि मागे अडकलेल्या टेम्पोचा क्लीनर माझी गाडी रिव्हर्समध्ये आहे असं धरून ‘बरली, बरली, बरली’ (कन्नडमध्ये ‘येऊ दे’) चालू करतो. भाचा सांगतो, “मामा, दगड मधी घ्या.” गवळी म्हणतो, “मधी नको, चाक घाल की त्याच्यावर.” आई म्हणते, “दोन्ही नको. मी उतरतो, चालत जातो.”

यात गवळ्याचं बरोबर असतं. नवख्याला वाटतं, मोठा दगड दोन चाकांच्या मधून सोडावा. मधे तर सगळा संसार लटकत असतो: इंजिनाचं चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट, सायलेन्सर, डिझेलची टाकी, आणि सगळ्यांत खाली एक्सलवरचा डिफ्रन्शियलचा गोळा. टायर हा भार घेण्यासाठी केलेला असतो, चेंबर नव्हे. म्हणून दगडावर चाक चढवायचं, पहिल्या लो गिअरला, रांगत. त्यातही पुढचा गोळा बहुधा मध्यभागी नसतो, एका अंगाला असतो. तो कुठल्या अंगाला आहे हे ज्याला माहीत तो निम्मा वाचला. हे सगळं मला पाठ आहे. दगडाला पाठ नाही, एवढाच प्रश्न.

एकदा टाकीला लागलाच. ‘खण्ण’ असा आवाज झाला. “काय मोडलं काय रे?” आईने विचारलं. मी म्हटलं, “खडा उडाला.” तेवढ्यात डिझेलचा वास आला. खड्याला वास नसतो हे आईला कळतं. जवळच्या घरातून एक मावशी कपड्याच्या साबणाची वडी घेऊन आल्या आणि मला बाजूला सारून त्यांनी ती चिरेवर घासघासून भरली. गळती थांबली. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून ही जुनी युक्ती चालते. ते मी त्यांना समजावून सांगू लागलो तर म्हणाल्या, “मला कशाला सांगतोस? वडी परत आणून दे.”

आणि त्या दिवशी जीपला चिलखत घालायचं ठरलं.

बेळगावात लोखंडाच्या कामाला माणूस शोधावा लागत नाही. उद्यमबागेत फाउंड्रीच्या शेजारी फाउंड्री. क्रँकशाफ्ट घडवणारं गाव आहे हे, एका पत्र्याला कोण घाबरतो? आमच्या मेस्त्रींनी जीप रॅम्पवर घेतली, खाली जाऊन टॉर्च फिरवला आणि वैद्य नाडी सोडून देतात तसा चेहरा करून बाहेर आले.

“सहा एमएम घालू काय आठ?”

“चार चालणार नाही?”

“चालंल की. मग परत या.”

सहा ठरलं. भाच्याचं म्हणणं होतं, ॲल्युमिनियम घाला, हलकं असतं. असतं खरं. पण ॲल्युमिनियम दगडाला चावून धरतं, स्टील घसरून पुढे जातं, आणि पोटाखालच्या पत्र्याकडून आपल्याला नेमकं घसरणंच हवं असतं. शिवाय ॲल्युमिनियमचा भाव ऐकून मेस्त्रींनी एकदम हलका केलेला आवाज मला आवडला नाही. शेजारचे अण्णा कुंपणावरून म्हणाले, “पुढं मोठा बुलबार लाव की, रुबाब येतोय.” त्यांना सांगितलं, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना लिहून कळवलंय की बंपरपुढचे असले लोखंडी बार बेकायदा आहेत, धडकेत पायी माणसाला जास्त मार बसतो आणि एअरबॅगच्या गाड्या असतील तिथे सेन्सरचा हिशेब चुकतो. अण्णा म्हणाले, “तुझ्या गाडीला एअरबॅग कुठाय?” मुद्दा बिनतोड होता. तरी बार लावला नाही.

बाकी सगळं लावलं. चेंबरखाली प्लेट, ट्रान्सफर केसखाली प्लेट, टाकीला वेगळं कवच, गोळ्यांना गोल टोप्या. दोन्ही बाजूंना दारांखाली जाड पाइपचे स्लायडर. हे स्लायडर बॉडीला नाही, चासीला धरायचे असतात. कारण घसरून दगडावर टेकलं तर जीपचं अर्धं वजन त्यांच्यावर येतं, आणि बॉडीला जोडले असतील तर स्लायडर शाबूत राहून दारं उघडेनाशी होतात. बोल्टांची डोकी पत्र्यात बुडवून बसवली, नाहीतर पहिला दगड डोकं उडवतो आणि मग बोल्ट काढायला गॅस कटर आणावा लागतो. काम देखणं झालं. मी जीपखाली गालिचा टाकून पाहुण्यांना दाखवत असे. पाहुणे वाकत नसत.

दगड आता लागत, पण आवाज बदलला होता. पूर्वीचा आवाज काळजात लागे; आताचा ‘घर्रर्र’ असा, तवा खरवडल्याचा. मी मुद्दाम थोडं घासून नेई.

मग तेल बदलायची वेळ आली. गॅरेजचा पोरगा नेहमीच्या सवयीने खाली शिरला आणि तसाच बाहेर आला. “साहेब, इंजिन कुठाय?” प्लेट काढल्याशिवाय ड्रेन बोल्ट दिसत नव्हता. प्लेट उतरवली तर तिच्यावर आमच्या वाटेची लाल माती, काजूची पानं, वाळलेलं गवत, एक चप्पल. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हे: सायलेन्सर तापतो आणि अडकलेलं वाळकं गवत पेट घेऊ शकतं. ओली माती मागे राहिली तर लोखंड आतून गंजतं ते वेगळंच. मेस्त्रींनी ड्रेनसाठी भोक पाडून दिलं, माती धुवायला आणखी भोकं पाडली. “आता यातून टोकदार दगड आत आला तर?” मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, “भोकाला जाळी मारू.”

तोवर जीप बसायला लागली होती. टाकीखाली पूर्वी पाण्याची बाटली उभी राहायची, आता तिरकी करावी लागे. भाच्याने मोबाइलमधून नव्या थारचे आकडे वाचून दाखवले: पोट जमिनीपासून २२६ मिमी वर, चढायचा कोन ४१.८ अंश, उतरून सुटायचा ३६.८, मधल्या उंचवट्यावर २७. “मामा, आपला किती?” मी म्हटलं, “आपल्याकडे बाटली.”

शेवटी वजन करायला जीप उसाच्या काट्यावर नेली. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, त्यामुळे काट्यांना तोटा नाही. पण हंगामात तिथे जीप घेऊन जाऊ नये. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि मधे मी. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून बघितलं. “ऊस कुठाय?”

“ऊस नाही. गाडीचंच वजन करायचंय.”

“भरलेली काय मोकळी?”

“मोकळी.”

त्याने आकडा बघितला, मग मला बघितलं, मग परत आकडा. “मोकळी न्हवं ही,” तो म्हणाला, आणि पावतीवर स्वतःच्या जबाबदारीवर ‘भरलेली’ लिहून टाकलं.

हिशेब काही अवघड नाही, आधी कुणी केला नव्हता एवढंच. सहा एमएम जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा साधारण ४७ किलो भरतो. म्हणजे एवढ्याशा पत्र्यात एक हडकुळा माणूस मावतो. असे तीन-चार जण मी जीपच्या पोटाला कायमचे बांधले होते. त्यांच्या वजनाने स्प्रिंगचे पाटे दबले, पाटे दबले म्हणून पोट खाली आलं, पोट खाली आलं म्हणून जास्त दगड लागू लागले, आणि जास्त दगड लागतात म्हणून चिलखत किती गरजेचं होतं ते मी सर्वांना सांगत होतो. त्या संन्याशाने लंगोटी उंदरापासून वाचवायला मांजर पाळलं, मांजराला दूध म्हणून गाय, गाईला चारा म्हणून शेत. कौपीनसंरक्षणार्थम् अयं पटाटोपः. त्याच्याकडे निदान शेवटी गाय तरी होती.

मेस्त्रींनी मागे-पुढे एकेक पाटा वाढवला. जीप उभी राहिली. आता मोकळी चालवली की प्रत्येक खड्डा दातांत कळायचा. आई बागेतून परत आली ती थेट आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत म्हणत होती, “जेवलेलं परत मोजून बघितल्यासारखं झालं.” भाच्याने आणखी एक शोध लावला: पाटे कितीही वाढवा, वर जाते ती बॉडी, गोळा एक्सलवर असतो, तो इंचभरसुद्धा हलत नाही. त्याला उचलायचा तर चाकच मोठं पाहिजे. मग त्याने टायरची हवा कमी करायला सांगितलं. ३० वरून २० वर आणली की टायर दगडाला धरून चालतो, उडत नाही, धक्काही कमी लागतो. बरोबर आहे. पण टायरचं पोट बाहेर फुगतं, आणि बाजूच्या भिंतीला जांभ्याने चिरलं तर तिथे पंक्चर निघत नाही, टायरच टाकावा लागतो. म्हणून कडेचे दगड जपायचे. परतीला पंपावर हवा भरायला थांबलो की तिथला पोरगा आधी बराच वेळ माझ्याकडे सहानुभूतीने बघतो.

खरा घोळ काजूच्या हंगामात झाला. जीप घेतली होती पोती आणायला. चार पोती मागे टाकली आणि बाटली आडवीसुद्धा जाईना. पोती उतरवली आणि वाटेच्या तोंडाला ज्यांची बैलगाडी असते त्या मामांना बोलावलं. मामांनी पोती भरली आणि निघाले. मी रिकामी जीप घेऊन त्यांच्या मागे. त्या वाटेवर बैलगाडी बघण्यासारखी असते. चाक छातीएवढं, आख त्याच्या निम्म्याएवढा वर, आणि आखाखाली काही म्हणजे काही नाही. चेंबर नाही, टाकी नाही, गोळा नाही. दगड आला, चाक चढलं, उतरलं. माझं मागे ‘घर्रर्र’ चालूच.

डांबराला लागल्यावर मामांनी बैल सोडले आणि प्रथमच जीपखाली वाकून बघितलं. आजवर वाकलेला पहिला माणूस. मी कौतुकाची वाट बघत होतो.

“हे पत्रं कशाला?”

“दगड लागू नये म्हणून.”

त्यांनी एका बैलाचा पाय उचलून मला खूर दाखवला. “आमी पत्री मारताव ती खुराला. पोटाला न्हवं.”

भाड्याचे पैसे मोजून घेतले आणि गेले.

मी दुसऱ्याच दिवशी मोठे टायर टाकले. स्टिअरिंग जड झालं, मडगार्ड थोडं कापावं लागलं, पण गोळा वर आला. बाटली उभी राहिली, वर चार बोटं जागा. जुन्या दगडांवरून जीप अशी गेली की भाच्याला हात दाखवायचं काम उरलं नाही. फक्त आईला आता वर चढता येईना. दाराला धरून एक पाय उचलायची आणि तसाच खाली ठेवायची. “मी एवढा काय म्हातारा झालो नाही,” म्हणाली, “गाडी माजलीय.”

तेव्हा मेस्त्रींकडून स्लायडरच्या खाली एक लोखंडी पायरी लटकवून घेतली. चांगली रुंद, रबर लावलेली. आई आरामात चढली. पहिल्याच वळणाला ती पायरी दगडाला लागली, कारण आता जीपमध्ये सगळ्यांत खाली तीच होती.

मेस्त्रींनी वाकून बघितलं, पायरीला हात लावला, वाकलेली कड चाचपली.

“हिला गार्ड मारू,” ते म्हणाले. “सहा एमएम घालू काय आठ?”