दुमडलेले कोपरे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की घरच्यांनी लक्ष घातल्याशिवाय आमच्या शाळेतली मुलं वर येणार नाहीत. ते वाचून तुम्ही चिडलात. शिकवणं हे मास्तरांचं काम, ते जमत नाही म्हणून पहाटेपासून राबणाऱ्या बायांच्या डोक्यावर ओझं टाकता, असं तुम्ही म्हणालात. तुमचे आईवडील कधी शाळेची पायरी चढले नाहीत, तरी तुम्ही शिकलात, मुंबईत घर केलंत. आणि दहावीच्या निकालात कोकण दर वर्षी राज्यात पहिलं असताना हे रडगाणं कशाला, असंही विचारलंत.

पहिलं निम्मं खरं आहे, आणि ते मीच आधी लिहायला हवं होतं.

आमची शाळा दापोली तालुक्यातली, समुद्राकाठची. द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट 23. पाचवीत एक मुलगा होता. वडील होडीवर, आई दारोदार मासे विकणारी. मराठीचा धडा घडाघडा म्हणायचा आणि मी शाबासकी देऊन पुढच्या मुलाकडे वळायचे. एक दिवस सहज म्हणून मी पानावरच्या चित्रावर वही ठेवली, खालून तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं आणि म्हटलं, इथून वाच. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. मग नजर वर नेली आणि पानाच्या पहिल्या ओळीपासून म्हणायला लागला. धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हता. काना, मात्रा, वेलांटी सांभाळत दोन अक्षरी शब्द निघायचा. जोडाक्षर आलं की गाडी थांबली.

हाच मुलगा मे महिन्यात मामाच्या बागेत आंबा निवडायला बसतो. फळ हातात घेतलं की हा चार डझनाच्या पेटीतला, हा सहाच्या, हे त्याला बघावंही लागत नाही. बुद्धीचा प्रश्नच नव्हता. चार वर्षांत त्याला कोणी पानाच्या मधूनच वाचायला लावलं नव्हतं, आणि त्यातली दोन वर्षं तो माझ्या वर्गात होता. हा दोष माझा. त्याच्या आईचा नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

म्हणून आधी आम्ही शाळेत बदल केला. रोज सकाळचा पहिला दीड तास इयत्ता बाजूला ठेवली. ज्याला अक्षरं येतात तो एका गटात, शब्द वाचणारा दुसऱ्यात, मग उतारा, मग गोष्ट. ही काही माझी युक्ती नव्हे, मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने ही पद्धत देशभर वापरून दाखवली आहे. पाचवीचा मुलगा दुसरीतल्या मुलीशेजारी बसला तेव्हा पहिले चार दिवस मान वर करत नव्हता. पाचव्या दिवशी तीच त्याला विचारायला लागली, कारण गणितात तो तिच्या पुढे होता.

आता निकालाचं. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल 2024 ला 99.01 टक्के लागला, 2025 ला 98.82. मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो आकडा दहावीच्या बाकावर पोचलेल्या मुलांचा आहे. पाचवीत ज्याला उतारा वाचता येत नाही तो पुढे आठवी-नववीत होडीवर चढतो, बागेत जातो, आणि मग तो निकालात नापास म्हणूनही दिसत नाही. 'असर' ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी 2005 पासून घरी जाऊन मुलांना वाचायला लावते. 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात, सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 44.8 टक्के निघाली. आमच्या शाळेत आम्ही तीच चाचणी घेतली, आणि आमचं चित्रही त्याहून बरं नव्हतं. तुमच्या आईवडिलांबद्दल मला आदर आहे दादा. पण तुमच्या पहिलीच्या वर्गात शेजारी बसलेली किती मुलं तुमच्याबरोबर सातवीपर्यंत आली, ते एकदा आठवून बघा.

मग घरच्यांची गरज काय? ऐका.

आम्ही वर्षानुवर्षं सकाळी 11 वाजता पालकसभा ठेवायचो. त्या वेळी बाया पाटी डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यांत फिरत असतात. चार जणी यायच्या, बाकीच्यांच्या सह्या वही घरोघर पाठवून व्हायच्या. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं ठरवलंय. आमच्या कागदावर त्या होत्याच. मीही तशा सह्या घेतल्या आहेत. मग आम्ही वेळ बदलली: दुपारी जेवणं आटपून बाया पुन्हा बंदरावर निघायच्या आधी, शाळेत नव्हे तर त्यांच्याच वाडीतल्या देवळात. सतरा जणी आल्या.

त्या मुलाची आई म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय त्यातलं, बाई?" मी म्हटलं, तुम्हाला वाचता यायला नको. रात्री कोळंबी सोलताना त्याला शेजारी बसवा, मोठ्याने वाचू दे. जिथे अडेल तिथे पान दुमडून ठेवा. बास.

पंधरा दिवसांनी तिने पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. सात पानांचे कोपरे दुमडलेले, एकावर हळदीचं बोट. मी एकेक पान उघडून त्याच्याकडून वाचून घेतलं. तो अडला ते शब्द असे: प्रकाश, चंद्र, मित्र, यात्रा. सातही पानांवर अडचण एकच, जोडाक्षरातला र. त्याला 'र' येत होता, 'प' येत होता, पण र खाली जाऊन तिरकी रेघ झाला की तो त्याच्या ओळखीचा राहत नव्हता. जे मला दोन वर्षांत नेमकं सापडलं नाही ते शाळा न शिकलेल्या बाईने पंधरा रात्रींत शोधून दिलं. पुढचा आठवडा मी त्याच्याबरोबर फक्त ती तिरकी रेघ घेऊन बसले.

याला तुम्ही ओझं टाकणं म्हणालात. ती आई तसं म्हणाली नाही. आजवर तिला शाळेतून फक्त "लक्ष द्या" एवढंच ऐकू आलं होतं, म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

बापांचं वेगळं आहे. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते आणि आमची शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे जवळजवळ दीड महिना बाप घरी, शाकारलेल्या होडीजवळ जाळी विणत बसलेला. एवढी सोय वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यात नाही, आणि आम्ही तो काळ प्रवेशाच्या आणि ऑनलाईन माहितीच्या कागदांत घालवत होतो. गेल्या जुलैत मी वाचनाचं कार्ड घेऊन त्या जाळ्यांपाशी जाऊन बसले. बापाच्या समोर मुलगा वाचतो तेव्हा बापाचा हात सुईवर थांबतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळंच जमलेलं नाही. आंब्याच्या बागांवर राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची दोन मुलं ऑक्टोबरात येतात, मे संपता संपता जातात. त्यांच्या आयांशी मी अजून खुणांनीच बोलते. त्या मुलाचंही सांगते. तो आता सहावीत आहे, गोष्ट वाचतो, पण सावकाश, आणि भागाकार अजून कच्चा आहे.

शेवटी तुम्ही तुमच्या मुंबईच्या मंडळातर्फे शाळेला टीव्ही द्यायचं लिहिलंत. शाळेत टीव्ही आहे, तो राहू दे. गणपतीला तुम्ही याल. तुमच्या पुतण्याला मार्क विचारू नका. आरत्या झाल्यावर ओटीवर त्याच्याजवळ बसा, समोर पडलेलं कुठलंही पुस्तक उघडा, खालच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा आणि वाचायला सांगा. जिथे थांबेल तो कोपरा दुमडून पुस्तक माझ्याकडे पाठवा.