कुकरच्या शिट्टीसकट

रविवारी सकाळी साडेनऊला माझी इथे, न्यूयॉर्कजवळ, दुसरी कॉफी चालू असते, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि माझे दोन मित्र फोनवर भांडायला सज्ज असतात. एक कोथरूडकर, एक कॅम्पवाला. गेले काही रविवार विषय एकच आहे, सफोकेशनचा ‘ब्रीडिंग द स्पॉन’. अल्बम १९९३चा. आम्ही तिघेही पन्नाशीला टेकलेले. एकाची शुगर वाढलीय, दुसऱ्याची मुलगी बारावीला आहे, तरी स्नेअर ड्रमच्या आवाजावरून एकमेकांची अक्कल काढणं थांबलेलं नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सफोकेशन हा न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवरचा बँड, १९८८ साली सेंटरीच नावाच्या गावात सुरू झालेला. पोटातून काढलेला, शब्द न कळणारा आवाज, त्यावर ब्लास्ट बीटचा, म्हणजे मशीनगनसारख्या ड्रमचा मारा, आणि मध्येच रोडरोलर आल्यासारखा जड संथ तुकडा. हेवी मेटलच्या ज्या जहाल शाखेला आज ब्रूटल डेथ मेटल म्हणतात तिचा पाया घालणाऱ्यांत ही मंडळी पहिल्या रांगेत बसतात. पहिला अल्बम ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ १९९१ साली आला. तो फ्लोरिडात टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली झाला. डेथ मेटलवाल्यांची ती त्या काळची पंढरी. दुसऱ्या खेपेला पैशांचं गणित जुळलं नाही, वारी हुकली आणि न्यूयॉर्कातच काम उरकलं. गिटार पातळ झाल्या, ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखे, बेस गिटारचा आवाज मात्र लग्नातल्या मामासारखा सगळीकडे पुढे पुढे.

कोथरूडकराचं म्हणणं असं, की गाणी दहापैकी दहा आणि आवाज दहापैकी दोन, त्यामुळे अल्बम नापास. त्याच्याकडे पुरावाही भक्कम आहे. बँडनेच या अल्बममधली गाणी एकेक करून पुन्हा ध्वनिमुद्रित केली आहेत. १९९५च्या ‘पिअर्स्ड फ्रॉम विदिन’वर शीर्षकगीत आलं, मग २००६, २००९, २०१३, २०१७ आणि २०२३च्या अल्बमवर एकेक. आठातली सहा झाली. “ज्यांनी केलं त्यांनाच सुधारून घ्यावंसं वाटतंय, मग तुम्हाला कसला एवढा पुळका?” हा त्याचा हुकमी एक्का.

कॅम्पवाला एके काळी स्वतः ड्रम वाजवायचा. त्याला नवी सगळी रूपं टाइपरायटरसारखी वाटतात. मूळ अल्बममधला तो गढूळपणा म्हणजेच ब्रूटल, असं तो छातीठोक सांगतो. स्वच्छ आवाज हवा तर जाहिरातींची गाणी ऐका म्हणतो.

मी सेंटरीचपासून अर्ध्या तासावर राहतो, म्हणून दोघांनाही मी साक्षीदार म्हणून हवा असतो. इथे आलो त्या वर्षीच तिकडे जाऊन आलो होतो. काय असेल अशी कल्पना होती कुणास ठाऊक. मिडल कंट्री रोड नावाचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना टायरची दुकानं, पिझ्झा, नखं रंगवणाऱ्यांची पार्लरं. पार्किंगमध्ये एक आजीबाई सामानाची ढकलगाडी जागेवर नेऊन ठेवत होत्या. चौथ्या पिढीच्या झेरॉक्सवर या बँडचे फोटो बघून आम्ही ज्यांना राक्षसगणात जमा केलं होतं, ती मुलं अशा रस्त्यावर वाढली.

तेव्हाचा गायक फ्रँक मलन याचीच गोष्ट घ्या. गाताना तो हाताचा पंजा हवेत सुरी चालवल्यासारखा ब्लास्ट बीटच्या गतीने हलवायचा. ‘सवाई’ला पुढच्या रांगेत मांडीवर ताल धरणारे काका असतात ना, तेच, फक्त आठपट लयीत. हा माणूस पुढे पुढे नोकरीतून सुट्टी मिळत नाही म्हणून दौऱ्यांवर जाईना, त्याच्या जागी दुसरे गायक जायचे. १९९६ साली हे कुणी आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही त्याला चहाही पाजला नसता.

माझा शेजारी इलेक्ट्रिशियन आहे, माझ्याहून थोडा मोठा. तरुणपणी त्याने या सगळ्या बँडना लहानसहान हॉलमध्ये ऐकलंय. मी त्याला ‘ब्रीडिंग द स्पॉन’च्या आवाजाबद्दल मोठ्या उत्सुकतेने विचारलं. तो बर्फ हटवायच्या यंत्रात तेल घालत होता. “पैसे नव्हते त्यांच्याकडे,” एवढं म्हणाला आणि झाकण लावलं. त्याच्या लेखी विषय संपला. आमच्याकडे जो तत्त्वाचा प्रश्न आहे तो इथे बिलाचा आहे. हे रविवारी सांगितलं, तर दोघंही एकदमच म्हणाले की तिकडे राहून तू कोमट झालायस. असेनही. पण इथे राहून एवढं नक्की कळलं की ही माणसं बंडखोरी म्हणून वाईट आवाजाच्या मागे गेली नव्हती. कॅम्पवाल्याला मी सांगतो, बाबा, दुसऱ्याच्या तंगीला शैली म्हणू नकोस.

पण म्हणून कोथरूडकर जिंकला असंही नाही. त्याचा दुसरा मुद्दा आजच्या भारतातला आहे: मुंबईचा गटस्लिट हा बँड युरोपचे दौरे करून येतो, मुंबईतूनच चालणारं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे लेबल जगभरच्या बँडचे अल्बम काढतं, आणि घरातल्या लॅपटॉपवरही स्वच्छ ड्रम मिळतात. मग जुन्या घाणेरड्या आवाजाचं कौतुक कशाला? माझ्या विशीतल्या भाच्याला मी हा अल्बम ऐकवला तर तो म्हणाला, “मामा, हा डेमो आहे का?” त्याचं चुकलं नाही. त्याच्या कानाला जी सवय आहे त्या मापाने तो डेमोच, कच्चा नमुनाच आहे.

मी कोथरूडकराला मिरजेच्या आजोबांचं उदाहरण दिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ते खरखरीसकट ऐकायचे, डोळ्यांत पाणी यायचं, प्रॉडक्शनबद्दल एक अवाक्षर नाही. तो म्हणाला, “खाँसाहेबांनी तेच पुन्हा नीट रेकॉर्ड करून दिलं असतं, तर आजोबांनी खरखर फेकून दिली असती.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तरी माझं मत मूळ अल्बमच्याच बाजूने पडतं, आणि त्याचं कारण ‘प्रील्यूड टु रिपल्शन’ हे गाणं. १९९३ आणि २००६, दोन्ही वेळा ड्रमवर माइक स्मिथच आहे. मधली बरीच वर्षं तो बँडमध्ये नव्हता. २००६ मध्ये प्रत्येक ठोका वेगळा, वजनदार, मोजून घ्यावा असा. १९९३ मध्ये तोच माणूस स्टुडिओचं घड्याळ पाठीमागे लागल्यासारखा पळतोय. घड्याळ माझ्या मनातलं आहे, कबूल. पण गिटार पातळ असल्यामुळेच बेस खाली काय करामती करतोय ते तिथे ऐकू येतं. जाड आवाजाच्या ‘एफिजी’मध्ये ते बरंचसं गडप होतं. चूक झाली तिथून एक खिडकी उघडी राहिली, एवढंच.

आणि एक कबुली, जी साक्षीदार म्हणून मी आधीच द्यायला हवी होती. १९९६ साली कॅम्पवाल्याच्या मस्कतच्या चुलतभावाने ही कॅसेट आणली. त्याच्या डबल डेकचं एक दार मोडलेलं, म्हणून आम्ही कोथरूडला दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून कॉपी केली. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कुणी खोकायचं नाही. पलीकडे काकूंचा कुकर लागला होता, त्याचा विचार कुणी केला नाही. तिसऱ्या गाण्यात, ‘एपिटाफ ऑफ द क्रेड्युलस’मध्ये, शिट्टी. ती कॅसेट मी चार वर्षं ऐकली. इथे आल्यावर जुन्या सीड्यांच्या दुकानात मूळ सीडी मिळाली, ती गाडीत लावून लाँग आयलंड एक्स्प्रेसवेवरून निघालो आणि तिसऱ्या गाण्यात शिट्टीची वाट बघत बसलो. आली नाही. काहीतरी कापलंय असं वाटून मी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं.

मागच्या रविवारी हे फोनवर सांगितलं आणि म्हटलं, त्या तीन शिट्ट्या आठवतात का रे? कॅम्पवाला हसत सुटला. कोथरूडकर थोडा वेळ गप्प होता.

“तीन नाही,” तो म्हणाला. “दोन. आणि दुसरी अर्धवट आहे, आईने गॅस बारीक केला.”