टोमॅटोतला ‘कोरोनासारखा आरएनए’: हा संदेश पुढे पाठवू नका

2020 सालचा संदेश पुन्हा फिरतोय: “अकोले-संगमनेरच्या टोमॅटोत कोरोनापेक्षा भयंकर व्हायरस. जनुकीय तपासणीत कोरोनासारखाच आरएनए सापडला. टोमॅटो खाऊ नका. व्हायरस बियाण्यातूनच आलाय. जोरात फवारणी हाच उपाय.” काल माझ्या मावशीने हे वाचून पिशवीभर टोमॅटो फेकून दिले. ज्याने पिकवले त्याला त्या वर्षी लॉकडाऊनमध्ये आधीच गिऱ्हाईक नव्हतं, त्यात ही अफवा. आता पुन्हा तेच?

‘कोरोनासारखा आरएनए’ हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते शास्त्रीय वाटतं. अहो, आरएनए म्हणजे जनुकीय सूचनांची, रासायनिक ‘अक्षरां’ची साखळी. तो टोमॅटोत असतो, कोथिंबिरीत असतो, आपल्या पेशींतही असतो. आरएनए आहे एवढ्याने काहीच कळत नाही, त्यातला क्रम वाचावा लागतो. सिक्वेन्सिंग करतात ते त्यासाठीच. कोरोनाचा आरएनए एकसंध, सुमारे 30 हजार अक्षरांचा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 2020 मध्ये महाराष्ट्रातले नमुने तपासले, तेव्हा मुख्यतः सापडला तो कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. त्याच्या आरएनएचे तीन वेगळे तुकडे, तिन्ही मिळून साडेआठ हजारांच्या आसपास अक्षरं. दोघांचं घराणंच वेगळं. कोरोना ज्या काटेरी प्रथिनाने माणसाच्या पेशीला चिकटतो, ते सीएमव्हीकडे नाही. आणि ‘नवा’ कसला? 1916 पासून तो शास्त्रज्ञांना माहीत आहे. मिरची, काकडी, जळगावची केळी, सगळीकडे येतो.

आता खरं तेवढं मान्य. फळं लाल-पिवळी-हिरवी, ‘तिरंगा’ होतात, कडक राहतात, प्लॉटच्या प्लॉट हातचे जातात. हे नुकसान खोटं नाही. बियाण्याबद्दल शंका असेल तर चौकशी जरूर व्हावी, पण सीएमव्ही शेतात पसरतो तो मुख्यतः मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीमुळे.

फवारणीचा सल्ला तर शेतकऱ्याच्या खिशाला भोक पाडणारा. मावा रोगट पानात सोंड खुपसतो, काही सेकंदांत विषाणू सोंडेला चिकटतो, आणि पुढच्या झाडावर तितक्याच वेळात उतरतो. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. विषाणूला मारणारं औषध तर नाहीच. रोगट झाडं दिसताच उपटा, बांधावरचं तण काढा, मावा अडवायला लागवडीआधी कडेने मका लावा, रोपं कीडरोधक जाळीतली घ्या. पैसे तिथे घाला.