एका ओरखड्यासाठी अख्खे लग्न टाकून द्यायचे का?

"ही सीडी गेली, टाकून द्या," हे वाक्य मी गेल्या उन्हाळ्यात तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकले, आणि त्या तिघांपैकी एकानेही ती सीडी निदान एकदा ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली नव्हती. दोन महिने झाले तरी माझा संताप उतरलेला नाही.

ज्या सीडीबद्दल मी बोलतो आहे ती अक्काच्या लग्नाची आहे. मे २००५ मध्ये लातूरला लग्न झाले. शूटिंगवाल्याने तीन व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेल्या सीडी, दिल्या आणि आमच्या घरात त्यांना आजही 'लग्नाची कॅसेट' असेच म्हणतात. पहिल्या सीडीत देवक आणि हळद, दुसरीत लग्न, तिसरीत जेवणावळी, वरात आणि पाठवणी. पहिल्या सीडीच्या शेवटी, साधारण बासष्टाव्या मिनिटाला, माझी आजी हळदीच्या जात्यावर बसून ओव्या म्हणते. आजीचे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिचे दगडमातीचे घर जागेवर बसले. माणसे वाचली; परंतु फोटोंची पत्र्याची पेटी जी ढिगाऱ्याखाली गेली ती पुन्हा हाती लागली नाही. २००९ मध्ये आजी गेली. म्हणजे तिचे हलते चित्र आणि तिचा आवाज या जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, आणि ते ठिकाण म्हणजे ही १२ सेंटिमीटरची चकती. ती 'टाकून द्या' असे सांगणाऱ्या माणसाला आपण काय टाकायला सांगतो आहोत, याचा क्षणभर तरी विचार करावासा का वाटू नये?

सुरुवात झाली ती संगणकातल्या साध्या कॉपी-पेस्टपासून. पहिली सीडी उघडली, व्हिडिओच्या फोल्डरमधली ती एकुलती एक मोठी डॅट फाइल, जिच्यात सगळे चित्रण असते, उचलली आणि हार्डडिस्कवर टाकायला घेतली. नव्वद टक्क्यांपर्यंत सगळे सुरळीत चालले. एक्क्याण्णवाव्या टक्क्याला ड्राइव्ह घरघर करू लागला, थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला, असे दहा मिनिटे चालल्यावर पडद्यावर 'सायक्लिक रिडंडन्सी चेक', म्हणजे वाचलेली माहिती तपासणीत जुळत नाही, असा संदेश आला आणि कॉपी बंद पडली. माझा खरा राग त्याच्या पुढच्या गोष्टीवर आहे. जे एक्क्याण्णव टक्के व्यवस्थित वाचून झाले होते, ज्यात एकही खोट नव्हती, तेसुद्धा संगणकाने पुसून टाकले. हार्डडिस्कवर अर्धी फाइलदेखील उरली नाही. पोत्यातले चार दाणे किडके निघाले म्हणून कोणी अख्खे पोते उकिरड्यावर रिकामे करत नाही. व्हिडिओतली सहा सेकंदे गेली तरी उरलेली सत्तर मिनिटे पाहता येतात, हे शेंबड्या पोरालाही कळते. मात्र सगळी मिळाली तर मिळाली, नाहीतर काहीच नाही, असाच नियम या कॉपीत घालून ठेवला आहे. हिशेबाच्या फाइलला तो नियम योग्य असेल, कारण तिथे एक आकडा चुकला तर सगळे चुकते. परंतु माणसांच्या आठवणींना तोच नियम लावणे हा अन्याय आहे.

मग मी ती सीडी एका दुकानात नेली. दुकानाच्या पाटीवर जुन्या कॅसेट आणि सीडी पेनड्राइव्हवर करून मिळतील, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. तिथल्या मुलाने सीडी घातली, माझ्यादेखत तीच फाइल उचलून तीच कॉपी-पेस्ट केली, त्याच टक्क्याला तोच संदेश आला, आणि त्याने सीडी माझ्या हातात परत दिली. "भाऊ, करप्ट झालीय. काय होत नसतं आता. टाकून द्या." मी घरी जे करून पाहिले होते त्याच्यापलीकडे त्याने काहीही केले नाही आणि तरीही निकाल असा दिला की जणू शवविच्छेदन करूनच उठला आहे. त्याच्याकडे एका दिवसात अशा किती सीडी येत असतील, आणि त्याचे वाक्य ऐकून किती जणांनी आपल्या आई-वडिलांची लग्ने, मुलांची बारशी खरोखरच कचऱ्यात टाकली असतील, या विचाराने आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

त्याहून मोठा घात मात्र घरातच झाला होता. आमचे मामा जवळच राहतात. मी दुकानातून परत येऊन हातपाय धुवायला गेलो तेवढ्यात त्यांनी सीडी उचलली, ओसरीवर बसून तिला टूथपेस्ट फासली आणि धोतराच्या सोग्याने गोल गोल घासायला सुरुवात केली. "काय नाय होत, पेस्टनं लख्ख निघती. आम्ही लई सीड्या केल्यात अशा." मामांचे माझ्यावर प्रेम आहे आणि ते त्यांनी चांगल्या हेतूने केले, यात मला शंका नाही. तरीही ही टूथपेस्टची अक्कल ज्याने पहिल्यांदा पसरवली त्याला मी क्षमा करणार नाही.

गोल घासणे हाच सगळ्यांत मोठा अपराध का, ते नीट समजून घेतले पाहिजे. सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक नागमोडी नव्हे, तर चकलीसारख्या वेटोळ्या रेघेत असते, आणि त्या रेघेचे दोन फेरे एकमेकांपासून फक्त १.६ मायक्रॉनवर असतात. ओरखडे पडणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून लागोपाठची माहिती एकाच जागी न ठेवता ती विखरून ठेवलेली असते, आणि हरवलेले तुकडे उरलेल्यांवरून गणिताने भरून काढले जातात. रेघेच्या दिशेने सुमारे २.५ मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भाग त्यामुळे पूर्ण भरून निघतो. मध्यापासून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला जेमतेम स्पर्श करतो, म्हणून तो दिसायला कितीही भयंकर असला तरी बहुधा निभावून जातो. याउलट फेऱ्याच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा त्याच रेघेवरून सेंटिमीटर-सेंटिमीटर चालत जातो आणि तिथे कोणतेही गणित पुरे पडत नाही. म्हणून सीडी पुसायची असेल तर स्वच्छ पाण्याने, मऊ सुती कापडाने, आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. टूथपेस्टमध्ये बारीक खर, म्हणजे घासणारी पूड, असते. त्या खरीने गोल गोल घासणे म्हणजे जिथे एक चरा होता तिथे नेमक्या वाईट दिशेने शंभर बारीक चरे पाडणे होय. मी नळाखाली धरून ती पेस्ट धुऊन काढली तेव्हा मूळच्या एका ओरखड्याभोवती धुक्यासारखे वर्तुळाकार पट्टे उमटलेले मला स्पष्ट दिसले.

यानंतर मी स्वतः शोध सुरू केला आणि तिथेही आठ दिवस निष्कारण वाया गेले. खराब डिस्क वाचण्यासाठी 'डीडी-रेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो अडलेल्या जागी डोके आपटत बसत नाही; आधी सोपा भाग उचलतो, कठीण भाग मागे ठेवतो, काय मिळाले आणि काय राहिले याचा नकाशा एका वेगळ्या फाइलमध्ये लिहीत जातो, आणि वीज गेली तरी पुढच्या वेळी तिथूनच पुढे चालू लागतो. आमच्याकडे दुपारची वीज मे महिन्यात केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे या नकाशाची किंमत मला चांगलीच कळली. चुलत भावाच्या लग्नाची एक डीव्हीडी मी याच प्रोग्रामने जवळजवळ पूर्ण वाचवली. त्याच विश्वासाने अक्काची व्हीसीडी लावली, तर सुरुवातीचा थोडासा भाग सोडून संपूर्ण सीडी खराब असल्याचे उत्तर आले. तीन रात्री तो प्रोग्राम चालवला, तीनही वेळा तेच उत्तर. दुकानातल्या मुलाचे म्हणणे खरेच होते की काय, असे मला वाटू लागले आणि मी आईला तसे सांगितलेही. आई काही बोलली नाही, नुसती उठून आत गेली.

ते उत्तर साफ चुकीचे होते. डिस्कवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या, सारख्या तुकड्यांत साठवलेली असते; डीव्हीडीवर किंवा साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि तिच्या जोडीला चूक दुरुस्त करणारा आणखी एक थर असतो. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या पद्धतीत व्हिडिओला जास्त जागा मिळावी म्हणून हा जादा थर काढून टाकला आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २३२४ बाइट व्हिडिओ भरला. त्यामुळे २०४८ बाइटच्या हिशेबाने सेक्टर मागणाऱ्या प्रोग्रामला व्हीसीडीचा अगदी धडधाकट सेक्टरही खराबच दिसतो. सीडी खराब नव्हती, विचारण्याची पद्धत चुकीची होती. एवढी महत्त्वाची गोष्ट सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही पहिल्या वाक्यात सांगू नये, याला बेपर्वाईच म्हणावे लागेल. डीव्हीडीचा उपाय डोळे मिटून व्हीसीडीला लावायला सांगणारा माणूस आणि टूथपेस्ट लावायला सांगणारा माणूस यांच्यात मला फरक दिसत नाही.

व्हीसीडीसाठी सेक्टर कच्च्या स्वरूपात, म्हणजे जसाच्या तसा अख्खा, वाचणारे साधन लागते. मी 'आयएसओ-बस्टर' वापरले. ते व्हीसीडीचा ट्रॅक ओळखते, न वाचता आलेल्या सेक्टरच्या जागी शून्ये भरून पुढे जाण्याची मुभा देते, आणि शेवटी पाहता येईल अशी फाइल हातात ठेवते. माझ्या बाहेरून जोडायच्या नव्या ड्राइव्हवर पहिल्या फेरीत १,१४० सेक्टर वाचता आले नाहीत. व्हीसीडीत एका सेकंदाला ७५ सेक्टर लागतात, म्हणजे सत्तर मिनिटांच्या सीडीत ३ लाख १५ हजार सेक्टर, आणि त्यांपैकी गेले होते जेमतेम पंधरा सेकंदांचे. पंधरा सेकंदांसाठी सत्तर मिनिटे टाकून द्यायला मला सांगण्यात आले होते! पुढे भंगारवाल्याकडून जुन्या डेस्कटॉपचा एक जाडजूड ड्राइव्ह दीडशे रुपयांना आणला, त्याचा वेग कमीत कमी ठेवला आणि तीच सीडी पुन्हा वाचली, तर न वाचलेले सेक्टर ४८० वर आले. एक ड्राइव्ह हरतो तिथे दुसरा जिंकतो, कारण प्रत्येकाचे लेझर आणि भिंग यांची नजर वेगळी असते. किमान दोन ड्राइव्हवर पाहिल्याशिवाय कोणत्याही डिस्कला 'गेली' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तिसऱ्या सीडीचे मात्र खरोखरच नुकसान झाले आहे आणि त्याचा दोष मी निःसंकोचपणे शूटिंगवाल्याला देतो. त्याने सीडीच्या वरच्या बाजूला स्वतःच्या स्टुडिओच्या नावाचा गुळगुळीत स्टिकर चिकटवला होता. लोकांना वाटते की चमकणारी खालची बाजू नाजूक आणि वरची बाजू मजबूत. सीडीच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. खालच्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे प्लास्टिक असते, आणि माहितीचा थर व त्यावरचा आरसा हे दोन्ही वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतात. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये दडलेला असतो, म्हणून ती वरून तरी सुरक्षित राहते. सीडीला ते संरक्षण नाही. कधीतरी त्या स्टिकरची कड सुटली, भाच्याने ती ओढली, आणि स्टिकरसोबत आरसाही निघून आला. मी ती सीडी ट्यूबलाइटसमोर धरली तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेतून उजेड आरपार आला. खालचा ओरखडा योग्य पद्धतीने घासून कमी करता येतो, पण जिथून उजेड आरपार येतो तिथे वाचण्यासारखे काही उरलेलेच नसते. अक्का दाजींच्या गाडीत बसते तो क्षण त्या दाण्यात गेला. स्वतःच्या नावाची जाहिरात व्हावी म्हणून गिऱ्हाइकाच्या आयुष्यभराच्या आठवणीवर डिंकाचा कागद चिकटवणाऱ्याला आपल्याच मालाची रचना ठाऊक नसावी काय? त्याच्याकडे मूळ टेपची चौकशी केली तर ती त्याने पुढच्याच हंगामात दुसऱ्या लग्नासाठी पुन्हा वापरली होती. ही टेप पुसली जाणार आहे, हवी असल्यास घेऊन जा, असा एक निरोप त्याने आम्हाला कधीही दिला नाही.

पहिली सीडी आता तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहे. परवा रात्री सगळे एकत्र बसून ती पाहिली. जात्याची घरघर ऐकू येते, आजीचा हात खुंट्यावर फिरताना दिसतो, पहिली ओवी पूर्ण ऐकू येते. दुसरी ओवी सुरू होते आणि तिथेच पडद्यावर हिरव्या-करड्या चौकटी पसरतात, सहा सेकंद आवाज जातो, आणि चित्र परत येते तेव्हा आजी पदराने कपाळ पुसत असते. ती दुसरी ओवी तिने स्वतः रचलेली होती, अक्काच्या नावाची. आईने आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तिला फक्त पहिला चरण आठवतो. न वाचता आलेले ते ४८० सेक्टर नेमके त्याच पट्ट्यात आहेत जिथे टूथपेस्टचे गोल चरे उमटले आहेत, आणि ते चरे पडण्याआधी तिथे किती सेक्टर वाचता आले असते हे आता कोणत्याही ड्राइव्हने कळणार नाही.