‘आपल्याच घरात दुष्काळ होता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

स्वतंत्र बांगलादेशच्या पहिल्या दहा वर्षांवर मी लिहिलं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : 1972 ला महाराष्ट्र होरपळत असताना दिल्लीने ढाक्याला धान्य धाडलं, परदेशी मदतीने कुठलाच देश स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, हात पसरायची सवय तेवढी लागते, आणि एवढं करून आपल्या पदरात काय, तर कृतघ्नता. खाली सही ‘एक जुना पुणेकर’. म्हणजे दोन ओळींत भागवणं शक्यच नाही.

बहात्तरचा दुष्काळ मी पाहिलेला नाही. पण मिलोचं, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीचं, नाव काढलं की आमच्या आईचं तोंड आजही वाकडं होतं, आणि मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं खडी फोडत, बांध घालत होती, हे ठाऊक आहे. तुमचा राग रास्तच. फक्त हिशोबाची दुसरी बाजूही मांडा. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेले सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे होते. त्यांच्यासाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. जुन्या बाजारात पाकिटं चाळलीत तर अजून सापडेल. सुरुवातीला तर कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ छापून वेळ मारून नेली होती. ती माणसं परत गेली, पण तिकडे खायला नसतं तर पुन्हा सीमेवर येऊन बसली असती. तेव्हा ढाक्याला गेलेलं धान्य हा निव्वळ दानधर्म नव्हता.

आता हात पसरण्याचं. इथे तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे, आणि त्यासाठी 1974 चा दाखला मीच देतो. बांगलादेशने क्युबाला तागाची पोती विकली. क्युबाशी व्यापार करणाऱ्याला स्वस्त धान्य द्यायचं नाही, असा अमेरिकेचा कायदा. धान्य अडलं. ढाक्याने ती निर्यात थांबवली, पण धान्य पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. सरकारी आकडा सुमारे 26 हजार बळींचा, बाकीचे अंदाज त्याच्या कित्येक पट. (सगळं खापर अमेरिकेवर फोडू नका. त्या वर्षी देशात दरडोई धान्य आधीच्या वर्षांपेक्षा कमी नव्हतं, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं आहे. पुराने मजुरी बुडाली, भाव चढले, साठेबाजांनी हात धुऊन घेतले.) दुसऱ्याच्या मर्जीवर चूल पेटवली की हे असं होतं.

पण मदत म्हणजे फक्त पोती नव्हेत, काका. 1971 च्या युद्धात पद्मेवरच्या हार्डिंज या रेल्वे पुलाचा एक गाळा कोसळला होता. आपल्या रेल्वेच्या मदतीने तो 1972 मध्येच पुन्हा सुरू झाला. चितगाव बंदरात सुरुंग आणि बुडालेली जहाजं. ते साफ करायला सोव्हिएत नौदल आलं, त्यातला युरी रेडकिन नावाचा नाविक तिथेच दगावला आणि चितगावजवळच्या पतेंग्याला त्याची कबर आहे. बंदर मोकळं झालं ते झालंच. ते कुणाला परत मागून घेता येत नव्हतं.

मला सगळ्यात भावतं ते ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेचं काम. फजले हसन आबेद यांनी लंडनमधलं घर विकून 1972 मध्ये ही संस्था काढली, तीही भारतातून परतणाऱ्या निर्वासितांसाठी. 1980 पासून तिच्या कार्यकर्त्या दारोदार हिंडून आयांना जुलाबावरचं औषध घरच्या घरी करायला शिकवू लागल्या : एक मूठ गूळ, तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ, अर्धा शेर पाणी. मागाहून तपासनीस काही घरी जाई आणि त्या आईला काय काय आठवतंय ते विचारी. जेवढं आठवे, त्या मानाने शिकवणारीचा मेहनताना! दहा वर्षांत एक कोटीहून जास्त घरं झाली. पैसा बराचसा परदेशी देणगीदारांचा होता, पण गूळही घरचा आणि हातही घरचाच. यात भीक कुठे दिसली तुम्हाला?

कपड्यांच्या धंद्याचंही तसंच. 1979 मध्ये ‘देश गारमेंट्स’ या बांगलादेशी कंपनीने कोरियातल्या देवू कंपनीशी करार करून सुमारे 130 माणसं बुसानला शिकायला पाठवली. हा सरळ सरळ व्यवहार होता. पुढे त्यातली बहुतेक देश सोडून गेली, म्हणजे कंपनी हो! कोणी स्वतःचे कारखाने टाकले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज त्या देशाच्या निर्यातीत दर शंभरातले ऐंशीहून जास्त रुपये तयार कपड्यांचे असतात. (त्या कारखान्यांतली मजुरी आणि 2013 ची राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळल्याची दुर्घटना हा वेगळा विषय, त्यावर तुम्ही टीका केलीत तर मी तुमच्या बाजूने.) आणि 2012 मध्ये जागतिक बँकेने पद्मा पुलाचं 120 कोटी डॉलरचं कर्ज रद्द केलं, तेव्हा ढाक्याने स्वतःच्या पैशाने पूल बांधून 2022 मध्ये खुला केला.

राहिली कृतघ्नता. ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना यांचं सरकार पडल्यानंतर तिथे आपल्याविषयी जे बोललं जातं, ते मलाही बोचतं. पण 1966 मध्ये अमेरिकेचा लाल गहू पुण्याने रेशनवर घेतलाच की. पाचच वर्षांनी, बांगलादेशच्या युद्धात, त्यांचं सातवं आरमार आपल्यावर दबाव आणायला बंगालच्या उपसागरात शिरलं, तेव्हा खाल्ल्या गव्हाला जागून आपण गप्प बसलो नाही, आणि बसायचं काही कारणही नव्हतं. ढाक्याने तीस्तेच्या पाण्यावरून आपल्याशी भांडताना 1971 ची आठवण ठेवून आवाज खाली ठेवावा, ही अपेक्षा मग कोणत्या तोंडाने करायची?