आईचा अंगठा लागत नाही म्हणून सबसिडी बंद?

सकाळी साडेनवापासून आईला घेऊन गॅस एजन्सीच्या दारात उभा होतो, केवायसी करा नाहीतर सबसिडी बंद असा मेसेज आलेला. मे महिना, सोलापूरचं ऊन, सावलीला एक कापड पण बांधलेलं नाही, रांगेत निम्म्या म्हाताऱ्या बाया. दोन तासांनी नंबर लागला तर मशीन आईचा अंगठाच घेईना. कसा घेईल ओ? ४० वर्षं विड्या वळल्यात तिनं, बोटांच्या रेषाच झिजल्यात. दहाच्या दहा बोटं लावून बघितली. काउंटरवरचा पोरगा म्हणतो उद्या या, तेल लावून या. म्हणजे आजच्या विड्या बुडाल्या, उद्याच्या पण बुडणार, आणि हे सगळं कशासाठी तर उज्ज्वलाच्या टाकीमागं ३०० रुपये, ते पण आधी पूर्ण पैसे भरायचे मग खात्यावर यायची वाट बघायची.

वर मागं उभा असलेला एक जण म्हणतो, या सबसिड्या बंदच केल्या पाहिजेत, पर्यावरणाचं वाटोळं होतंय, लोकांना फुकटची सवय लागलीय. डोकंच फिरलं माझं. पत्र्याच्या खोलीत रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, दिवसा लूमच्या शेडमध्ये अंगाची भट्टी होते, हवामान बदल काय असतो ते मला शिकवू नका. आणि आईची टाकी बंद झाली की ती काय करणार? परत चूल, परत लाकडं, परत तो खोकला. त्यानं हवा साफ होणारे का?

कोळसा-डिझेलवरचा सरकारी पैसा कमी व्हायलाच पाहिजे, हे मी पण म्हणतो. जी-२० वाल्या देशांनी २००९ ला पिट्सबर्गला तसं ठरवलंय पण. पण दरवेळी सुरुवात गरिबाच्या स्वयंपाकघरातनंच का? रेशनचं रॉकेल गेलं, २०२० पासनं साध्या ग्राहकाची गॅस सबसिडी जवळपास संपली. आणि तेल कंपन्यांना गॅस तोट्यात विकला म्हणून ऑक्टोबर २०२२ ला एका फटक्यात २२,००० कोटी मंजूर झाले, तिथं कुणाला उन्हात उभं केलं नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? २०१० ला कोळशावर टनामागं ५० रुपये सेस, म्हणजे जादा कर लावला, क्लीन एनर्जीसाठी म्हणून. २०१६ ला तो ४०० झाला. २०१७ ला जीएसटी आला आणि त्यात राज्यांचं जे उत्पन्न बुडणार होतं त्याची भरपाई द्यायला तो पैसा वळवला. अरे तो पैसा आमच्या पत्र्यावर सोलर बसवायला यायला पाहिजे होता ना! इथं फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्लांट, त्याला पाणी उजनीचं, आणि आमच्या नळाला चार-चार दिवस पाणी नाही. आता सूर्यघर योजनेत छतावर सोलर पॅनल बसवायला ३ किलोवॅटला ७८,००० मिळतात म्हणे, पण स्वतःचं पक्कं छत पाहिजे, आधी पैसे किंवा कर्ज पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विडी कामगारानं पॅनल कुठं लावायचं? कोळशाकडनं काढा, डिझेलकडनं काढा, काढलेला रुपया न रुपया अशा घरांवर लावा, आई स्वतः ते ३०० सोडून देईल.

आत्ता ती बोटांना खोबरेल तेल चोळत बसलीय. रांगेतल्या एका बाईनं सांगितलं, मोबाइलवर चेहरा दाखवून पण केवायसी होते. त्या पोरानं हे का सांगितलं नाही? उद्या साडेनवाला परत जाणार, अंगठा नाही लागला तर चेहऱ्यावर करा म्हणून तिथंच बसणार, काम झाल्याशिवाय उठत नाही.